दंडावरचा दोरा

आधी त्याने तिच्या तळहाताला राख चोळली, मग तो हात परातीतल्या पाण्यात बुडवायला लावला, आणि बघता बघता पाणी लालभडक झालं.

सभागृहाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या पोरापोरींच्या तोंडून एकदमच "आई गं!" निघालं. मागचे टाचा उंच करून बघू लागले, पुढचे दोन पावलं मागे सरकले. जिचा हात पाण्यात होता ती मुलगी पहिल्या वर्षाची, अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट. मैत्रिणी तिला लवंगी म्हणायच्या. पण त्या दिवशी तिची जीभ टाळ्याला चिकटली होती आणि ती स्वतःच्याच हाताकडे डोळे फाडून बघत होती.

"घाबरू नकोस, पोरी," चिठ्ठीकाका मधाळ आवाजात म्हणाला. "तुझं नशीब कुणीतरी बांधलंय. रक्ताची गाठ आहे ही. पण काकाकडे आलीस ना? मग सुटलीस म्हणून समज!"

त्याने एका बाटलीतलं 'शांतिजल' परातीत ओतलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. त्यात निम्मे तर रंगीत प्रतींचे दर असावेत, असा मला दाट संशय आहे. पाणी पुन्हा नितळ झालं. टाळ्या पडल्या.

मी विद्यापीठाच्या दवाखान्यातली डॉक्टर. जेवायला निघाले होते, ती गर्दी बघून थांबले. हा चिठ्ठीकाका वर्षातले अकरा महिने सभागृहासमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा. बाराव्या महिन्यात वसतिगृहाची सोडत जवळ आली, की त्याच्या अंगात यायचं.

सोडतीची रीत साधी होती. खोल्या थोड्या, अर्ज त्याच्या तिपटीने. सभागृहाच्या मंचावर एक फिरतं पिंप, त्यात क्रमांक घातलेल्या लाकडी गोट्या. प्रत्येकाने मंचावर जायचं, पिंपात हात घालायचा, आपली गोटी आपणच काढायची. क्रमांक लहान निघाला तर खोली, मोठा निघाला तर गावाबाहेर भाड्याची जागा आणि रोजचा बसचा लांबचा प्रवास. आपलं वर्ष आपल्याच हातात आहे असं वाटायला लावणारी ही पद्धत कुठल्या शहाण्याने काढली कोण जाणे. पण त्या हाताच्या धास्तीने पोरं वेडी व्हायची. कुणी आदल्या दिवशी हात धुवायचं बंद करायचं, कुणी डाव्या हाताने जेवायला लागायचं. काकाने या भीतीचं दुकान थाटलं होतं.

"वडील काय करतात?" काकाने लवंगीला विचारलं.

"उंच इमारती बाहेरून रंगवतात. दोरीला लटकून."

"अरेरे," काकाने मान हलवली. "मग तर फारच जपायला हवं." आणि तिला घेऊन तो दुकानातल्या पडद्यामागे गेला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. मला हटकावंसं वाटलं होतं, पण जेवून लगेच दवाखान्यातल्या रांगेकडे परतायचं होतं आणि मी निघून गेले.

माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तरी माणसाने चौकशी करावी म्हणून मी केली. वसतिगृहाच्या भोजनगृहाची स्वच्छता तपासायला जावं लागतं, तेव्हा टेबलाटेबलावर विचारत गेले, "काय रे, त्या काकाचा गुण येतो का?"

"येतो म्हणजे काय मॅडम! मला खोली मिळाली ना."

"मलाही. माझं पाणी तर रक्तासारखं लाल झालं होतं, तरी मिळाली."

"माझ्या पार्टनरलाही मिळाली. निकालानंतर काकांनी पायऱ्यांवर सगळ्यांसमोर आमचे दोरे कापले, त्यांनीच पडद्यामागे बांधलेले."

एकही पोरगा नाही म्हणेना. एकही पोरगी नाही म्हणेना. खरं सांगते, शेवटच्या टेबलापाशी पोचेपर्यंत माझ्या पाठीवर काटा आला होता. इतक्या वर्षांची डॉक्टरकी, आणि मी तिथे हातात डाळीची वाटी घेऊन मनात म्हणत होते, काही असेल का यात? बाहेर ऊन होतं, तरी मला गारठा वाटला.

सोडतीच्या दिवशी सकाळी लवंगीला तिची मैत्रीण दवाखान्यात घेऊन आली. घेऊन आली म्हणजे जवळजवळ ओढतच आणली. पोरीचे ओठ कोरडे पडले होते, डोळे खोल गेले होते, आणि ती धावून आल्यासारखी खोल खोल श्वास घेत होती. जवळ वाकले तर तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास. साखर हाताबाहेर गेली की असा वास येतो. बोटातून थेंब काढला. साखर यंत्राच्या आवाक्याबाहेर.

"तुला लहानपणापासून मधुमेह आहे?"

तिने मान हलवली.

"आणि इन्सुलिन?"

तिने मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रीणच रडकुंडीला येऊन म्हणाली, "शनिवारपासून बंद केलंय मॅडम. काकांनी सांगितलं, सुई टोचून घेतलेल्या अंगात नशीब थांबत नाही. सोडत होईपर्यंत एकही सुई नको."

मी सिस्टरना रुग्णवाहिका बोलवायला सांगितली आणि सलाईनची सुई हातात घेतली. लवंगीने हात पाठीमागे दडवला.

"दुपारी सोडत आहे. ती झाली की घेईन. सलाईन, इन्सुलिन, दोन्ही घेईन."

"अगं, दुपारपर्यंत तू शुद्धीवर राहशील की नाही हेच मला सांगता येत नाही!" मी ओरडलेच. ओरडू नये, पण राहवलं नाही. "जीव जाईल तुझा, कळतंय का?"

"माझा जाऊ दे." तिचे डोळे भरून आले. "काका म्हणाले, दोरा बांधल्यावर नियम मोडला तर माझ्यावर नाही येणार. बाबांवर येईल. बाबा रोज दोरीवर असतात हो मॅडम."

तिला मरणाची भीती घालून उपयोग नव्हता, कारण माझ्याआधी दुसऱ्या कुणीतरी तिला त्याहून मोठी भीती घातली होती. आणि ती बेशुद्ध पडेपर्यंत वाट बघून मग सुई टोचायची, एवढा वेळ माझ्या हातात आहे की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं.

"दोरा कुठे आहे?" मी विचारलं.

तिने बाही वर सरकवली. दंडावर, कोपराच्या बरंच वर, काळा, तीन गाठींचा दोरा.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

माझी एक खोड आहे. शिंक आली म्हणून आलेल्याचाही मी रक्तदाब मोजते. त्यामुळे या विद्यापीठातले दंड माझ्याइतके कुणी पाहिले नसतील. असे दोरे मी वर्षभर बघत आले होते आणि पोरांची काहीतरी नवी टूम असेल म्हणून सोडून देत होते. पण ते कुणाच्या दंडावर दिसायचे? संध्याकाळी वसतिगृहाची पोरं येतात. त्यांच्या दंडावर काही नसतं. दोरे दिसायचे ते सकाळी, लांबच्या बसने येणाऱ्यांच्या दंडावर. ज्यांना खोली मिळाली नाही त्यांच्या!

आणि मी शहाणी चौकशी करायला गेले होते कुठे? वसतिगृहात! तिथे तर सगळे खोली मिळालेलेच राहतात. न मिळालेला तिथे भेटणार कसा?

मी पडदा बाजूला केला. बाहेर बाकांवर सकाळची मंडळी बसली होती.

"ज्यांच्या दंडाला काळा दोरा आहे त्यांनी आत या."

कुणी हललं नाही. एकाने आपला दंड नकळत हाताने झाकला. तो तिसऱ्या वर्षाचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. त्याला सगळे लंबूच म्हणायचे.

"लंबू, तुझा मी मागच्याच आठवड्यात पाहिलाय."

"मॅडम, नको," तो खाली बघत म्हणाला. "दाखवायचा नसतो तो. दाखवला तर आईला... तिचं ऑपरेशन झालंय हो आत्ताच."

"बरं, दाखवू नकोस. नुसता आत येऊन हिच्याकडे बघ."

तो आला. लवंगी छाती भात्यासारखी वरखाली करत श्वास घेत होती. लंबू एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा पडला. मग त्याने शर्टाची बाही गुंडाळायला सुरुवात केली.

"दोन सोडती झाल्या माझ्या," तो तिला म्हणाला. "दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं होतं की लागणार. नाही लागली. काका म्हणाले, श्रद्धा कमी पडली, दोरा काढू नकोस, कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर घरच्यांवर येईल. आणि त्यांच्या मेहुण्याची भाड्याची जागा मला मिळवून दिली. तिथेच राहतो मी."

"मीपण तिथेच राहते," दारातून आवाज आला. छत्री काखेत धरून एक मुलगी उभी होती. तिने बाही वर केली. तिच्यामागे आणखी एक पोरगा आला, मग आणखी एक. एकाच मेहुण्याच्या इमारतीत, भिंतीला भिंत लावून राहणारी ही पोरं, आणि एकमेकांच्या दोऱ्याचा कुणाला पत्ता नव्हता.

शेवटी ट्रे धरून उभ्या असलेल्या सिस्टरनी ट्रे खाली ठेवला आणि बाहीचं बटण काढलं.

"सिस्टर, तुम्हीसुद्धा?"

"कर्मचाऱ्यांच्या घरांचीही सोडत असते ना मॅडम," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

मी रागावलेच होते, पण तेव्हा वेळ नव्हता.

"बघितलंस?" मी लवंगीला म्हटलं. "सगळ्यांना एकच सांगायचं, लागणार म्हणून. तिघांतल्या एकाला तशीही लागतेच. त्याला पायऱ्यांवर उभं करून वाजतगाजत दोरा कापायचा. उरलेल्या दोघांची तोंडं भीतीने शिवायची आणि त्यांना मेहुण्याकडे पाठवायचं. लागली तर काकाची कृपा, नाही लागली तर काकाची खोली!"

ती ऐकत होती, पण हात पुढे येत नव्हता. डोक्याला पटलं तरी भीती काही लगेच उठून जात नाही.

लंबूने ट्रेमधली कात्री उचलली. त्याने डोळे मिटले आणि आपल्या दंडावरचा दोरा कापला. मग खिशातून फोन काढून आईला लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

छत्रीवालीने तोंडावर हात ठेवला होता. लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी, विज्ञानाची एवढी कैवारी, मनातल्या मनात त्या अनोळखी बाईला विनवत होते, बाई गं, उचल, उचल. तिने नसता उचलला तरी दोष दोऱ्याचा नव्हताच. पण ते मी या पोरांना कोणत्या तोंडाने पटवणार होते?

फोन बंद झाला. आणि लगेच वाजला.

"काय रे?" पलीकडून आवाज आला. "कपडे वाळत घालत होते. एवढ्या सकाळी फोन? जेवलास का? अरे, बोल की! रडतोयस काय?"

लंबू हसत होता की रडत होता, सांगता येणार नाही. लवंगीने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"माझ्या बाबांना लावा," ती म्हणाली.

मैत्रिणीने लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. मागे वाऱ्याचा घोंघावणारा आवाज.

"वर लटकलोय ग बाळा, पटकन बोल."

"बाबा," तिला दम लागत होता, "मी सुई घेतली तर चालेल ना?"

"घेतली तर म्हणजे?" वाऱ्याच्या आवाजातही त्या माणसाचा बदललेला सूर कळला. "घेतली नाहीस तू? किती दिवस? अगं, कुणाला विचारून बंद केलीस?"

"खोली लागावी म्हणून. खोली नाही लागली तर परत ये म्हणाला होतात ना."

तो बाप वाऱ्यावर ओरडला, "खोली गेली खड्ड्यात. डॉक्टर आहेत का तिथे? डॉक्टर, टोचा तिला! मी उतरतोय. आत्ता उतरतोय."

लवंगीने हात पुढे केला.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. पुढचे काही तास तरी धोका होताच, आणि माझं निम्मं लक्ष मोठ्या रुग्णालयाच्या फोनकडे होतं. उरलेल्या निम्म्याने मी दुपारी लंबूला घेऊन सभागृहाच्या पायऱ्यांवर गेले. वाटेत दवाखान्यातली सगळी मंडळी मागून आली.

काका ऐन रंगात होता. सोडतीला तासभर उरला होता, परात भरलेली होती, आणि एका घामेजल्या पोराचा हात त्याने धरला होता.

"थांब," मी म्हटलं. "आधी माझा हात. राख न लावता."

"तुमची श्रद्धा नाही डॉक्टरबाई," काका गोड हसला. "पाण्याला चालत नाही."

मी हात पाण्यात घातला. पाणी तसंच नितळ.

"श्रद्धा नाही म्हणूनच!" काका गर्दीकडे वळून म्हणाला.

"तुमची तर आहे ना?" मी त्याचं मनगट धरलं. लंबूने त्याच्याच डब्यातली चिमूटभर राख त्याच्या तळव्याला चोळली, आणि आम्ही दोघांनी मिळून तो हात परातीत बुडवला. पाणी लालभडक.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "काकांचं नशीब कुणी बांधलं हो?" आणि पहिल्यांदाच त्या पायऱ्यांवर हशा पिकला.

"राखेत धुण्याचा सोडा आहे," मी सांगितलं. "पाण्यात प्रयोगशाळेतल्या एका रंगहीन द्रावणाचे थेंब आहेत. सोडा लागला की ते लाल होतं. शांतिजल म्हणजे लिंबासारखं काहीतरी आंबट. ते पडलं की रंग जातो. शाळेत हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलाय, वहीत लिहून गुण मिळवलेत. इथे मात्र हात पुढे करून उभे आहात!"

"हातचलाखी असेलही," काका आता तावातावाने बोलू लागला, "पण गुण येतो त्याचं काय? विचारा वसतिगृहात! कुणालाही विचारा!"

"नाही," लंबू म्हणाला. "आम्हाला विचारा." आणि त्याने रिकामा दंड वर केला. छत्रीवालीने दोऱ्याचा दंड वर केला. सिस्टरनी केला. मग गर्दीतच, इथे तिथे, एकेक बाही वर जायला लागली. शेजारी उभा असलेला मित्र मित्राकडे बघून म्हणत होता, "तूसुद्धा?" किती दंड होते ते मी मोजले नाहीत. पायऱ्या भरून होते.

काका दुकानाकडे सरकला. "श्रद्धा कमी पडते आजकालच्या पोरांची," असं काहीतरी बडबडत त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. ते परत उघडण्याआधी विद्यापीठाची माणसं चौकशीला आली, आणि ती काही त्याच्या शांतिजलाने शांत झाली नाहीत.

संध्याकाळी मी लवंगीला बघायला गेले. श्वास शांत झाला होता. उशाशी तिचे वडील बसले होते, कपड्यांवर रंगाचे शिंतोडे, कमरेचा पट्टा अजून तसाच. गैरहजर मुलांची गोटी सोडतीत कारकून काढतो. तिचीही काढली होती.

"लागली?" तिने विचारलं.

"नाही."

ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "सुई घेतली म्हणून तर नाही ना?"

मला वाटलं होतं आता भीती संपली. इतकी सहज संपत नाही ती.

"बाळा," मी म्हटलं, "लाकडाच्या गोटीला काय ठाऊक तुझ्या अंगात काय टोचलंय? तुझ्यासारख्याच कितीतरी जणांची आज लागली नाही. त्यांनी सुई घेतली नव्हती. आणि ज्यांची लागली त्यांच्यात काकाचं तोंडही न पाहिलेले होतेच."

वडिलांनी तिचा हात हातात घेतला. "मी घरी ये म्हणालो ते रागाने नाही ग. एवढा लांबचा प्रवास, त्यात तुझं दुखणं, मला धास्ती वाटायची. आता तुझ्या त्या मैत्रिणीच्या मावशीकडे एक खाट आहे म्हणतात, विद्यापीठापासून जवळच. बघून येतो मी. तू शिक."

तिने बाही वर केली. दोरा तिथेच होता. "बाबा, तुम्ही कापा," ती म्हणाली. त्यांनी खिशातून कामाची दोरी कापायची सुरी काढली आणि फार जपून, कातडीला लागू न देता, तो कापला.

तुम्हालाही कधी कुणी सांगेल, अमक्याने सगळ्यांचं भलं झालं, वाटल्यास विचारून बघा. जरूर विचारा. पण ज्यांचं भलं झालं त्यांच्याच दारात उभं राहून विचारू नका. ज्यांचं झालं नाही ते कुठे राहतात ते शोधा, सकाळची लांबची बस येते तिथे जाऊन उभे राहा, आणि ते का बोलत नाहीत हे विचारा. तेवढं केलंत तर कुठलाही काका फार दिवस टिकणार नाही.

मी अजूनही प्रत्येकाचा रक्तदाब मोजते. परवाच एका नव्या मुलाच्या दंडावर दोरा सापडला, या वेळी पिवळा, कुणा दुसऱ्याने बांधलेला. दोरा दिसला की मी आता लगेच कात्री देत नाही.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"आजी."

मी माझा फोन त्याच्यापुढे सरकवला. "आधी तिला लाव."